शॉडीचा पहिला अर्थ

३ नोव्हेंबर, सोमवार. अल्लीपूर

इथे येऊन बारा दिवस झाले आणि अजून कोणी मला रागावलेलं नाही. त्याचीच धास्ती वाटते. सिंदीला आमच्या कापडाच्या दुकानात बाबा दिवसातून एकदा तरी रागवायचे, त्यामुळे आपलं काय चुकतंय ते कळायचं. देवकाबाई काही बोलतच नाहीत. माझ्याकडे बघतात आणि पुन्हा कामाला लागतात.

त्यांच्या गटात अकरा बायका आहेत. मी बारावी, लिहिण्यावाचण्याच्या कामासाठी आलेली. इथे जुने सुती कपडे गोळा होतात. बटणं, काजं, जाड शिवणी काढायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायचे आणि मग ते ढोलातून काढायचे. ढोल म्हणजे दाते बसवलेलं लोखंडी पिंप. देवकाबाईंचे यजमान बंडूजी हिंगणघाटला जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांनी वारण्याआधी दोन वर्षं खपून तो बनवला. चिंधी एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा कापूस होऊन बाहेर पडते. त्यात थोडा नवा कापूस मिसळतात, त्याचं सूत, सुताचं कापड, कापडाच्या लांब बाह्यांच्या बंड्या.

आज देवकाबाईंना ढीग लावताना नीट पाहिलं. कापड दोन बोटांत चोळतात आणि सांगतात, "हे दगडावर आपटलेलं हाये. हे मशिनीत धुतलेलं." सूत रंगवत नाहीत. निळ्यात करडा किती, करड्यात हिरवा किती, हे मुठीने ठरवतात. विणून आल्यावर जो रंग दिसतो तो मी कुठल्याच ताग्यात पाहिलेला नाही, आणि मी ताग्यांमध्येच वाढले आहे.

गटातल्या रंभाताई या कापडाला बिजवर म्हणतात. "एकदा संसार झाला, आता दुसरा मांडला." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण थोडं उशिरा.

५ नोव्हेंबर, बुधवार

नागपूरहून समीक्षा मॅडमचा फोन. त्यांचं कपड्यांचं दुकान आहे. चाळीस बंड्या हव्यात, या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. प्रत्येक बंडीला एक कार्ड, त्यावर इंग्रजीत कापडाचं नाव आणि दोन ओळी माहिती. "नाव एकच शब्द असावं, लक्षात राहील असं," म्हणाल्या.

देवकाबाईंनी सगळ्यांना बसवलं. सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. बायका वेचणी सोडून इथे येतात. त्या म्हणाल्या, "हे नागपूरचं दुकान टिकलं तं ढोल चालन. नाई टिकलं तं मी तुमाले अडकवून ठेवत नाई. ढोल भंगारात देऊन टाकीन. मले कोनाचा हंगाम बुडवाचा नाई."

मग रंभाताई म्हणाल्या, "भंगारवाल्याले उचलता येईन का पन तो?"

नाव शोधायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे बंडूजींचा ढोल काही अंशी माझ्या एका शब्दावर आहे. आज दुपारी जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सहा दिवस शब्द शोधते आहे. आज सापडला असं वाटतं.

लहानपणी शाळेच्या वाटेवर मला ताप यायचा. खरा ताप, काखेत मोजलेला. म्हणून चौथीपर्यंत उज्वला आत्याने मला दुकानाच्या मागच्या खोलीत शिकवलं. इंग्रजी शिकवायला तिच्याकडे एक जाड जुना शब्दकोश होता, मुखपृष्ठ नसलेला. तिचा नियम असा: शब्दाचा पहिला अर्थ घरचा, दुसरा पाहुणा. पहिला नीट पाठ कर, पाहुणे येतील तसे येतील.

तो कोश मी इथे आणला आहे. कापडाच्या शब्दांमागे लागले होते, आणि त्यात 'शॉडी' मिळाला. पहिला अर्थ: जुन्या चिंध्या दात्यांच्या यंत्राने पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून केलेलं सूत किंवा कापड. वाचताना अंगावर काटा आला. हे तर आमचंच काम! कोणीतरी विलायतेत बसून देवकाबाईंना पाहून लिहिल्यासारखं.

शंका दोन. एक, ते लोकरीचं, आपलं सुताचं. फोनवर 'शॉडी कापड' असं शोधलं, तर आता सुती कापडालाही कुठे कुठे म्हणतात असं दिसलं. दुसरी शंका मोठी. कोशात पुढे आणखी एक अर्थ आहे: दिखाऊ, हलक्या प्रतीचं. पण तो दुसरा आहे. आणि हा शब्द मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

हेही लिहून ठेवते, कारण खोटं लिहायचं नाही: दुसरा अर्थ वाचल्यावर मी कोश पटकन मिटला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्डं छापायला हिंगणघाटला गेले. छापखाना योगेंद्र नावाच्या एका तरुण माणसाचा आहे. त्याने मजकूर दोनदा वाचला.

"मॅडम, हा शब्द पक्का?"

"पक्का."

"नाई, म्हटलं एकदा कोनाले विचारून घ्या. मले काई येत नाई इंग्रजी, पन हा शब्द म्या कुठंतरी वाईट ठिकाणी वाचलाय."

मी पिशवीतून कोश काढला आणि पहिल्या अर्थावर बोट ठेवलं. त्याने वाचून मान हलवली. मग म्हणाला, "आधी चाळीसच छापतो. बाकीचे मंग." मी दोनशे सांगितली होती. माणूस कामचुकार दिसतो. चहा मात्र आग्रहाने पाजला.

परतीच्या बसमध्ये त्याचा 'वाईट ठिकाणी' हा शब्द सारखा आठवत होता. देवकाबाईंना विचारावं असं वाटलं. पण त्यांना इंग्रजी येत नाही, आणि मला शब्द येतात म्हणूनच त्यांनी मला ठेवलं आहे. तेवढंही आलं नाही तर मी इथे कशाला?

२४ नोव्हेंबर, सोमवार

चाळीस बंड्या झाल्या. आज गाठोडी बांधून नागपूरच्या गाडीत चढवल्या.

शेवटची बंडी देवकाबाईंनी स्वतः शिवली. आतली शिवण बाहेरच्या शिवणीइतकीच स्वच्छ होती. मी म्हटलं, आतलं कोण बघणार? त्या म्हणाल्या, "घालनाऱ्याच्या पाठीले समजते ना." मला वाटतं माझ्या ओळखीत इतकं खरं काम करणारं दुसरं कोणी नाही. त्यांना सांगायचं होतं, पण सांगितलं की ते खुशामतीसारखं वाटतं.

कार्डं मी स्वतः बांधली. प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी समीक्षा मॅडमचा फोन. आधी त्या हसत होत्या, मग हसत नव्हत्या.

"आचल, तू कार्डावर काय लिहिलंयस तुला माहीत आहे ना? कोणतंही काम भिकार झालं, फसवाफसवीचं झालं, की इंग्रजीत त्याला शॉडी म्हणतात. तुम्ही आपल्याच मालावर 'भिकार' असं छापून पाठवलंय."

काल एका गिऱ्हाइकाने कार्डाचा फोटो काढून फोनवर सगळीकडे पाठवला. खाली लिहिलं, 'निदान प्रामाणिक तरी आहेत.' दिवसभर लोक हसले. मॅडमने कार्डं काढून ठेवली आहेत. बंड्या परत पाठवाव्यात का, हे त्या बुधवारी ठरवतील.

मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघ, छापखान्याची चूक म्हणून सांगू. त्यांनी शब्द चुकीचा घातला. असं होतं. तुझंही नाव यायचं नाही, देवकाबाईंचंही."

मी 'हो' म्हणाले. फोन ठेवला. मग योगेंद्रने मजकूर दोनदा वाचला होता ते आठवलं. पुन्हा फोन करून 'नाही' म्हणाले. का, ते नीट सांगता आलं नाही.

संध्याकाळी आत्याला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कधी कधी पाहुणाच घर बळकावतो, पोरी. हे तुला शिकवायचं राहिलं माझ्याकडून." तिचा आवाज रडल्यासारखा होता. आता तिलाही दुखावलं.

देवकाबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या आज दिवसभर चिंध्या निवडत होत्या, पुढच्या खेपेसाठी.

१ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

त्या बटणं काढत होत्या. सगळ्या बायका तिथेच होत्या. एकटीला गाठून सांगावं असं आधी ठरवलं होतं, पण चूक सगळ्यांची झाली होती, म्हणजे माझ्यामुळे सगळ्यांना लागली होती. उभ्याउभ्याच बोलले. शब्दाचा अर्थ काय आहे ते, फोटो, समीक्षा मॅडम, बुधवार. मग म्हटलं, "छापखान्याची चूक नाही. त्यांनी विचारलं होतं. आणि मला दुसरा अर्थ माहीत होता. कोशात वाचला होता. तरी लिहिलं."

रंभाताई म्हणाल्या, "म्हंजे आपूनच आपल्या बंडीवर भंगार लिवून धाडलं?"

"हो."

"अन् थेही छापून!" त्यांना हसू आवरेना. मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "बस वं, पडशीन."

देवकाबाईंनी हातातलं बटण डब्यात टाकलं. "अन् पयला अर्थ काय हाये?"

मला वाटलं त्या टोमणा मारत आहेत. पण त्या वाट बघत होत्या. "बसून सांग. सारा सांग."

मी कोशात आणि फोनवर जे जे वाचलं होतं ते सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात यॉर्कशायर नावाच्या भागात जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून नवं कापड करायला सुरुवात झाली. चिंध्या निवडायला बायका बसायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायच्या. पिंजायच्या यंत्राला ते लोक सैतान म्हणायचे.

"आपल्या बंडूजीच्या ढोलाले तसं काई म्हनू नका बरं," रंभाताई म्हणाल्या. "स्वप्नात येऊन कान धरतीन."

शब्द कुठून आला ते नक्की कोणालाच माहीत नाही, हेही सांगितलं. गळून पडलेलं, झडलेलं, अशा अर्थाच्या शब्दापासून आला असावा असा अंदाज आहे. गरिबाला ऊब मिळायची त्या कापडाची. मग अमेरिकेत लढाई झाली. घाईघाईत सैनिकांना कपडे हवे होते. व्यापाऱ्यांनी शॉडीच्या नावावर काहीतरी दाबून चिकटवलेलं दिलं, आणि पहिल्या पावसात ते सैनिकांच्या अंगावरच सुटून गेलं. तेव्हापासून शब्द बदनाम झाला.

"कोनती लढाई?"

"ज्या लढाईमुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत भाव आला, तीच."

देवकाबाईंनी ढिगातली एक चिंधी उचलून दोन बोटांत चोळली. मग विचारलं, "पावसात सुटलं म्हनतं. काऊन सुटलं?"

"आखूड तंतू, सूत नीट कातलेलं नाही, आत नवी लोकर नाही. असं वाचलंय."

"म्हंजे कापडाचं काई चुकलं नाई. कोन्या बेईमानानं आत कमी घातलं, अन् बोल कापडाले लागला." त्या उठल्या. "अन् त्या चिंध्या निवडनाऱ्या बायका? त्याईले कोनी सांगतलं असन का, का तुमच्या कामाचं नाव आता शिवी झालं म्हनून?"

त्यांनी बटणांचा डबा बंद केला.

"उद्या नागपूरले जाऊ. एक बादली घेजो."

बादली कशाला, हे विचारायची हिंमत झाली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

काल नागपूरहून परतायला रात्र झाली, लिहायला जमलं नाही. आज जसं झालं तसं लिहिते.

समीक्षा मॅडमचं दुकान थंडगार आहे. आत गेल्यावर आपण मोठ्याने श्वास घेतोय असं वाटतं. आमच्या बंड्या एका दांडीवर टांगलेल्या होत्या, बिनकार्डाच्या. तिथे त्या इतक्या सुंदर दिसत होत्या की मी क्षणभर सगळं विसरले.

देवकाबाईंनी राम राम केला. "बाई, यातली तुमाले सगळ्यात आवडली ती दाखवा." मॅडमने निळसर करडी काढली. देवकाबाईंनी ती घेतली, मागच्या नळावर आमची बादली भरली आणि बंडी त्यात बुडवून दाबली.

मॅडम म्हणाल्या, "अहो, हे काय?"

"पाऊस," देवकाबाई म्हणाल्या. "चहा पिऊ तवरक."

आम्ही चहा प्यायलो. बंडी बादलीत होती. तेवढ्यात एक जोडपं दुकानात आलं, गृहस्थ चांगले धिप्पाड. देवकाबाईंनी बंडी बाहेर काढली, लुगडं पिळतात तशी पिळली, आणि एक बाही त्यांच्यापुढे धरली.

"ओढा जी भाऊ."

ते लाजले. "मी?"

"हो ना. जोर करा. घरी बाईपुढं कराले भेटत नसन."

त्यांची बायकोच आधी हसली. त्यांनी ओढलं. देवकाबाईंनी दुसरी बाही मनगटाला गुंडाळली होती. त्यांनी आणखी ओढलं, पाय रोवून.

"अहो, फाटेल!" त्यांची बायको म्हणाली.

"फाटू द्या ना बाई. फाटली तं आमी पुन्हा करू."

फाटली नाही. एक टाकाही सुटला नाही. गृहस्थांना मात्र धाप लागली.

मग देवकाबाई माझ्याकडे वळल्या. "आता सांग वं. मले सांगतलं तसं सांग."

मी म्हटलं, इथे? त्यांनी नुसती मान हलवली. मी सुरुवात केली तेव्हा माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटला. चिंध्या, बायका, सैतान, लढाई, पाऊस. मध्ये दोनदा अडले. त्यांनी अडू दिलं, मदत केली नाही. संपलं तेव्हा त्या गृहस्थांच्या बायकोने विचारलं, "ही ओलीच देता का आम्हाला?"

समीक्षा मॅडमने ओल्या बंडीची आतली शिवण उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "बंड्या राहू देत. संक्रांतीआधी पुन्हा पाठवा. कार्डं नवीन करू, एखादं गोड नाव शोधू."

"नाव राहू द्या," देवकाबाई म्हणाल्या.

"पण ते बदनाम आहे हो."

"हाये ना. आपल्यासंगं राहीन, सुधरन."

मॅडम हसायला लागल्या. ड्रॉवर उघडून त्यांनी कार्डं काढली आणि त्या स्वतःच बांधायला बसल्या. अट एकच घातली: पुढच्या कार्डांवर खाली पहिला अर्थ लिहायचा, आणि शब्द का बदनाम झाला तेही.

परतीच्या बसमध्ये देवकाबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. डोकं माझ्या खांद्यावर टेकून झोपल्या. थकल्या असतील. मी जामच्या फाट्यापर्यंत खांदा हलवला नाही, नंतर मुंग्या आल्या.

४ डिसेंबर, गुरुवार

हिंगणघाटला जाऊन योगेंद्रची माफी मागितली. त्याला ती कशाची ते कळलं नाही, म्हणून सगळं सांगावं लागलं. नवा मजकूर दिला. उरलेली एकशेसाठ कार्डं त्याने अजून छापलीच नव्हती, कागद कापून तसाच ठेवला होता. "म्हटलं, मॅडम येतीन पुन्हा." सांगितलेलं काम वेळेवर न करणं बरं नव्हे, पण या वेळी ते उपयोगी पडलं. पुन्हा चहा झाला. हा दुपारी फारच चहा पितो.

६ डिसेंबर, शनिवार

माझ्या चुकीचा निकाल आज लागला.

सकाळी ढीग लावून झाल्यावर देवकाबाईंनी मला ढोलापाशी बोलावलं. म्हणाल्या, "उद्यापासून इथं उभी राहाजो. दाते कसे पुसाचे, पट्टा कसा चढवाचा, हात कुठवर न्याचा, मी दाखवीन. लिहिन्याचं काम दुपारी करजो."

ढोलावर आजवर देवकाबाई आणि बंडूजींशिवाय कोणी उभं राहिलेलं नाही, असं रंभाताईंनी नंतर सांगितलं. सांगताना त्यांनी पदर डोळ्याला लावला. चिंध्यांची धूळ फार आहे तिथे.

काम जड आहे आणि धोक्याचं आहे. मी आधीच भित्री. पण मी तक्रार करणार नाही. चाळीस बंड्यांवर मी जे लिहून पाठवलं त्यापुढे हे काहीच नाही. शिक्षा माणसाला पुरी माहीत असावी, म्हणून मी त्यांना विचारलं, किती दिवस?

देवकाबाईंनी पट्ट्यावरून हात फिरवला. "मी हाये तवरक शिकजो," त्या म्हणाल्या. "मंग तुह्या मनानं."

म्हणजे बरीच वर्षं. चूकही तेवढीच मोठी होती.